उजव्या पावलाचा व्यायाम कुणी ठरवायचा

'जिद्द' हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की मी विषय बदलतो. आजारातून उठलेल्या माणसाला लोक हा शब्द फुकट वाटत सुटतात. मला तो भोरच्या बाजारात मिळाला, एसटी स्टँडवर मिळाला, ऑफिसात तर रोज मिळाला. "काय जिद्द हो तुमची!" असं म्हणणाऱ्या एकानंही विचारलं नाही की तुम्ही कुठला व्यायाम करता, किती करता, आणि इतके दिवस तोच का करता. या शेवटच्या प्रश्नासाठी मी हे लिहितो आहे. तुमच्या घरात असा रुग्ण असेल आणि त्याच्या उशाशी बसून व्यायाम मोजणारं कुणी मायेचं माणूस असेल, तर दोघांनीही वाचावं. गोड लिहिणं मला जमणार नाही.

मी भोरमध्ये एका कॉलेजात हिशोबाचं काम बघतो. वय बावन्न. बायको मंगल अंगणवाडीत आहे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. मूळ गाव वेल्ह्याकडं, डोंगराच्या पायथ्याला. तिथं आई, थोरला भाऊ, वहिनी आणि पुतणी राहतात. भावाला मी दादा म्हणतो. तो तरुणपणी तालमीत होता, जत्रेच्या फडात कुस्त्या मारायचा. हे पुढं कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगितलं.

किल्ली

दिवाळीनंतर माझं पोट बिघडलं आणि चार दिवसांत बरंही झालं. पुढच्या आठवड्यात बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग एका सकाळी स्कूटरची किल्ली फिरेना. मला वाटलं, लॉक खराब झालं. मंगलला हाक मारली. तिनं दोन बोटांनी किल्ली फिरवली, स्कूटर चालू केली, बंद केली आणि माझ्या हाताकडं बघत राहिली.

"अहो, तुमच्या हाताला काय झालंय?"

"कुठं काय? लॉकच अडकतंय."

भोरमधल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून ताकदीचं इंजेक्शन मिळालं आणि एक सलाईन. दुसऱ्या दिवशी मोरीत बसलो तो उठताच येईना. शेजारच्या दोघांनी खुर्चीवर बसवून मला तीन मजले खाली आणलं आणि पुण्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. पाय हलला नाही. पाठीतून पाणी काढलं, नसांची तपासणी केली, आणि संध्याकाळी आजाराचं नाव सांगितलं, जीबीएस. म्हणजे शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून आपल्या नसांवर उठते.

"बहुतेक लोक यातून बरे होतात," डॉक्टर म्हणाले.

"बहुतेक म्हणजे किती? आणि बरे म्हणजे किती बरे?"

"आकडे विचारू नका हो. तुमचं वेगळं असेल, बाजूच्याचं वेगळं असेल."

आयुष्यभर 'अंदाजे' हा शब्द मी कुणाच्या बिलावर चालू दिला नाही. त्या दिवशी माझ्या पुढच्या आयुष्यावरच तो लिहून मिळाला.

एका श्वासात

वॉर्डात दर दोन तासांनी सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, "काका, मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा." श्वास घेणारे स्नायू किती शाबूत आहेत ते त्यावरून कळतं. पहिल्या दिवशी मी तीस पार केले आणि पोरासारखा खूष झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाविसावर दम संपला, दुपारी सतरावर. सिस्टर हसून "छान" म्हणाल्या आणि बाहेर जाऊन फोनवर बोलायला लागल्या. मला कळायचं ते कळलं. अकरावर अडकलो तेव्हा त्यांनी पुढं विचारलंच नाही. घशात नळी घालून श्वासाचं यंत्र लावलं.

त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. शुद्ध होती, सगळं ऐकू येत होतं, आणि पापणीशिवाय काही हलत नव्हतं. एवढं पुरे. रात्रपाळीच्या एक मावशी होत्या. नाकाला खाज सुटली की माझे डोळे कसे होतात ते त्यांनी ओळखलं होतं. त्या येऊन बोटानं हळूच खाजवायच्या आणि म्हणायच्या, "एवढंच ना? मग रडताय कशाला?" त्या आजारपणात माझ्यावर झालेले उपकार मोजायचे तर मी पहिला तो मांडीन.

यंत्रावर असतानाच गावाकडून आईचा फोन आला. मंगलनं मोबाईल माझ्या कानाला लावला. आई ओरडूनच बोलते. तिला वाटतं पुणं लांब आहे.

"आरं बाळा, म्या देवीला बोललेय. तू पायावर हुबा ऱ्हायलास की चैताच्या यात्रंला अनवानी डोंगर चढून नारळ देशील. आयकतुयास न्हवं?"

माझ्या तोंडात नळी होती. मी काय ऐकलं आणि काय कबूल केलं, ते कुणी विचारण्याच्या स्थितीत नव्हतं. नवस आईनं बोलला, तो फेडायचा मात्र माझ्या पायांनी.

वाळूची पिशवी

औषधानं गुण आला. श्वास आला, मग मान, मग हात. महिन्याभरानं घरी सोडलं तेव्हा आधार देऊन उभं करता यायचं. तिसऱ्या मजल्यावर मला नेणार कोण? म्हणून गावी गेलो.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मुलीनं निघताना व्यायाम दाखवले होते. खुर्चीतून उठणं, भिंतीला धरून टाचा उचलणं, पाय लांब करून पाऊल आपल्याकडं ओढणं. शेवटचा व्यायाम माझ्या उजव्या पावलासाठी होता, कारण ते लोंबत होतं. मी विचारलं, "हे बदलायचं कधी?" ती दुसऱ्या रुग्णाकडं निघाली होती. "हळूहळू वाढवत न्या काका," म्हणाली आणि गेली.

हळूहळू म्हणजे किती, हे दादानं ठरवलं.

इथं दादावर अन्याय होऊ नये म्हणून लिहितो. मला उचलून मोरीत नेणारा तोच, माझी पाठ घासणारा तोच. भावानं भावाचं जे करू नये असं वाटतं, ते सगळं त्यानं नाक न मुरडता केलं. सकाळी धार काढून आला की माझ्यासमोर पाट टाकून बसायचा. जुन्या पँटचा पाय कापून त्यानं पिशवी शिवली होती, तिच्यात वाळू भरली होती. दुकानातल्या काट्यावर बरोबर अर्धा किलो तोलून आणली होती. ती तो माझ्या पावलावर बांधायचा आणि मोठ्यानं मोजायचा.

"हां, ओढ! अजून. आरं, अंग मोडल्याबिगर अंग धरत न्हाई. वस्तादानी आमाला पयल्या दिवशी आसं रगाडलं व्हतं का, जेवताना घास तोंडात जाईना."

सुरुवातीला खरंच फरक पडत होता. हात सुधारले, डावा पाय सुधारला, काठी घेऊन मी अंगणात जायला लागलो. पिशवी एक किलोची झाली. गावात नाव झालं. येणारा-जाणारा ओट्याशी थांबायचा. आई सगळ्यांना सांगायची, "नेम धरलाय त्यानं. यकबी दिस मोडला न्हाई."

व्यायामाला 'नेम' म्हटलं, तिथंच घोटाळा झाला. आमच्याकडं नेम एकदा धरला की तो कमी करता येत नाही. ताप असला तरी उपास सोडत नाहीत, तसंच हे. वाढवला तर देवी खूष होते, कमी केला तर मोडला म्हणतात. मधलं काही नाही.

फुटपट्टी

मला सवय आहे, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. पलंगाच्या पायाशी भिंत होती. मी तळवा भिंतीला टेकवून, पाऊल ओढल्यावर अंगठा भिंतीपासून किती सुटतो ते पुतणीच्या फुटपट्टीनं बघायला लागलो. रोज सकाळी, व्यायामाच्या आधी. माघ महिन्यात तो सहा सेंटिमीटरपर्यंत यायचा. मग पाच झाले. मग साडेचार. संध्याकाळी तर दोनसुद्धा नाही. काठी असूनही मी उंबऱ्याला ठेचकाळायला लागलो.

दादाला सांगितलं.

"फुटपट्टीनं पाय मोजतुयास व्हय? पाय हाय का कापड?"

"दादा, कमी होतंय. व्यायाम थोडा बदलायला पाहिजे."

"आळस बोलतुय त्यो. यात्रा तोंडावर आलीय. उद्यापास्नं दीड किलू."

मी वहिनीकडं बघितलं. वहिनी चुलीकडं बघत होती. पण दुसऱ्या दिवशी पिशवी बांधली तेव्हा ती हलकी वाटली. दादा पाणी प्यायला आत गेला तसा मी विचारलं, "वहिनी, यातली वाळू काढलीत?"

"गप बसा भावजी. बिनकामाचं बोलू नगा."

ती सवलत दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी दादानं पिशवी पुन्हा काट्यावर नेली आणि दुकानदाराला शिव्या देत परत आला की त्याचा काटा मारतो.

तरी मी थांबलो नाही, असं कुणी म्हणेल. मी बोललो, अडलो, एकदा पिशवी ढकलूनही दिली. पण ज्याच्या खांद्यावर हात टाकल्याशिवाय संडासला जाता येत नाही, त्याच्याशी भांडण किती वेळ टिकणार? तासाभरानं त्यालाच हाक मारावी लागते. रुग्णाचं 'नको' किती लहान असतं, ते निरोगी माणसाला कळत नाही.

चार जणांचं काम

मंगल दर शनिवारी यायची. एका शनिवारी मी तिच्यादेखत अंगणात तोंडावर पडलो. उजवं पाऊल दगडाला अडकलं होतं. ओठ फुटला. दादा म्हणाला, "ध्यान नव्हतं त्याचं." मंगलनं रविवारी सकाळी गावातला टेम्पो ठरवला आणि मला नसरापूरला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडं नेलं.

बाईंनी माझं उजवं पाऊल हातात धरलं आणि मला ओढायला सांगितलं. मग विचारलं, "रोज किती करता?" मी सांगितलं. त्यांनी पाऊल खाली ठेवलं.

"काका, हा स्नायू नुसता ढिला पडलेला नाही. त्याच्याकडं येणाऱ्या तारा तुटल्यात. ज्या थोड्या शाबूत आहेत त्या चार जणांचं काम एकेकट्या करतायत. आणि त्यांच्याच डोक्यावर तुम्ही दीड किलो ठेवलंय."

"मग बदलायचं कधी असतं? मी केव्हापासून हेच विचारतोय."

"व्यायामानं आलेला थकवा थोड्या विश्रांतीनं उतरला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या सकाळपेक्षा कमी होत असेल, तर आधी दिलेलं जास्त झालं. लगेच निम्मं करायचं, मधे एक दिवस सोडायचा. उलट, सोपं जायला लागलं आणि काही दिवस सोपंच राहिलं, तर थोडं वाढवायचं. बदल दोन्हीकडं असतो. तुमच्याकडं लोकांना एकच बाजू माहिती असते."

मी फुटपट्टीचं सांगितलं. त्यांनी चमकून बघितलं. "एवढं मोजत होतात, मग थांबला का नाहीत?"

"मोजायचं माझ्याकडं होतं. ठरवायचं नव्हतं."

त्यांनी वजन पूर्ण बंद केलं. पाऊल उचलून धरणारा प्लॅस्टिकचा स्प्लिंट दिला. तो बुटात घालायचा आणि त्याच्याशिवाय चालायचं नाही, असं बजावलं.

यात्रेआधीची संध्याकाळ

घरी आलो तसं स्प्लिंट बघून आईनं पहिलं विचारलं, "ह्ये घालून डोंगर चढायचा? अनवानी बोललेय म्या."

"चढायचंच नाही आई. चालताना हे घालावंच लागतं."

"आन नेम?"

"निम्मा केलाय. एक दिवसाआड."

आई खाली बसली. "यकाआड यक? त्यो नेम ऱ्हायला का मग? देवीनं तुला वरून खाली आनला, आन तू तिला यक दिसाआड?"

दादा आतून आला. त्याचा आवाज मोठा नव्हता, म्हणून जास्त लागला. "बाळू, समद्या गावाला सांगितलंय म्या. वाजंत्री ठरवलीया. तू म्होरं, आमी मागं. मी धरतो की तुला. पडू देतो का?"

"दादा, पाय कमी होतोय."

"त्या नसरापूरच्या बाईला तू आज पयल्यांदा दिसलास. मी तुला चार महिनं उचलतोय."

हे शब्दन् शब्द खरं होतं, आणि पावलाशी त्याचा काही संबंध नव्हता. मंगलनं माझ्या कपड्यांची पिशवी भरली. ती दादाला म्हणाली, "भावजी, रागावू नका. ह्यांना मी भोरला नेते."

"न्या. जिनं चढायला त्याचं पाय चालत्यात, देवीचा डोंगर चढायला चालत न्हाईत."

तीन मजले मी बसून, उलटा, एकेक पायरी ढुंगणावर चढलो. शेजाऱ्यांनी दारं उघडून बघितलं. एकजण "काय जिद्द!" म्हणालाच.

यात्रेला दादा स्वतः अनवाणी चढला. माझ्या वाटचा नारळ त्यानं दिला. उन्हानं तापलेल्या दगडांनी तळव्यांना फोड आले, असं वहिनीनं फोनवर सांगितलं. मला फोन त्यानं केला नाही.

जे आलं आणि जे आलं नाही

कमी व्यायामानं माझं बाकीचं शरीर परत आलं. विरोधाभास वाटेल, पण तसंच झालं. बाईंनी व्यायाम कितीदा तरी बदलला. कधी वाढवला, कधी कमी केला, कधी एक काढून दुसरा दिला. पावसाळ्यात मी उभं राहून जिने चढायला लागलो. हातांची पकड आली, नोकरीवर परत गेलो. डावं पाऊल भिंतीपासून पूर्वीइतकं सुटायला लागलं. उजवं चार सेंटिमीटरवर थांबलं.

गावात हिशोब सोपा झाला होता. जे परत आलं ते देवीनं दिलं. जे आलं नाही ते मी नेम मोडला म्हणून आलं नाही. माझ्या खात्यावर फक्त उजवं पाऊल.

खरं लिहायचं तर मला ते पाऊल नुसतं चालायला नको होतं. ते दादाला दाखवायला हवं होतं. एकदा अनवाणी त्याच्या अंगणात उभं राहून पाऊल वर ओढायचं आणि म्हणायचं, बघ. व्यायाम करताना डोळ्यापुढं डोंगर नसायचा, अंगण असायचं.

ज्यांच्यावर ही वेळ आहे त्यांना इतकंच सांगतो. निघताना व्यायाम दाखवणाऱ्या माणसाला जाऊ देऊ नका. कधी वाढवायचा, कधी कमी करायचा आणि पुन्हा कुणाला दाखवायचं, ही तीन उत्तरं घेतल्याशिवाय त्याची वाट सोडू नका. रोज सकाळी मोजा. कमी व्हायला लागलं तर तो आळस नाही. आणि घरच्यांनो, रुग्णाला उचललंत म्हणून त्याचं शरीर तुमच्या मालकीचं होत नाही. हे कडू आहे. मला यापेक्षा बरं सांगता येत नाही.

भात काढणीच्या सुमाराला मी बाईंकडं नेहमीसारखा गेलो. त्यांनी पाऊल तपासलं, मागच्या खेपेशी ताडून बघितलं, त्याच्या मागच्याशीही.

मी विचारलं, "आता वाढवायचा का?"

"नाही काका. उजव्या पावलाचा हा व्यायाम आता बंद करू. जे यायचं ते आलंय. इथून पुढं स्प्लिंट घालून चांगलं चालणं, कमरेची आणि मांडीची ताकद, तिकडं लक्ष देऊ."

बूट चढवता चढवता मी विचारलं, "त्या वजनामुळं झालं का हे?"

"सांगता येत नाही. कदाचित तसंही एवढंच आलं असतं. कदाचित थोडं जास्त आलं असतं."

पुन्हा कदाचित.

बाहेर बाकावर मंगल होती. "काय म्हणाल्या?"

"व्यायाम बदलून दिला."

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. एसटीत, कामथडी गाव मागं पडल्यावर मी तिला काय बदललं ते सांगितलं. तिनं खिडकीकडं तोंड केलं.

नवा तांदूळ

दरवर्षी नवा तांदूळ आणायला गावी जातो, तसा गेलो. आईनं डोक्यावरून हात फिरवला, नवसाचं काढलं नाही. वहिनीनं चहा केला. दादा ओट्यावर पोत्याची तोंडं शिवत बसला होता. मी बूट काढले, स्प्लिंट काढला. पाऊल लोंबलं. त्यानं बघितलं.

"आता कुठला व्यायाम चाललाय?"

"ह्या पावलाचा बंद केला. आता येणार नाही म्हणाल्या."

तो सुई ओवत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी पाय ऱ्हायलाच शेवटी. आय म्हनत व्हती तेच खरं झालं."

माझ्याजवळ सगळे आकडे होते. सहा, पाच, साडेचार, कुठल्या आठवड्यात किती. पण 'तुझ्यामुळं झालं' म्हणालो असतो तर ते मला सिद्ध करता आलं नसतं, आणि 'तुझ्यामुळं नाही' हेही नाही. खात्री नसलेलं मी कधी लिहीत नाही, बोलतही नाही. मी चहा संपवला.

निघताना स्प्लिंट घातला, पट्टे ओढले, त्यावर बूट चढवला. याला वेळ लागतो. तेवढा वेळ दादा समोर उभा राहून बघत होता. मी उठायला लागलो तसा तो वाकला आणि नेहमीच्या सवयीनं माझ्यापुढं हात केला.

मी तो धरला नाही. भिंतीला टेकून उठलो.